पीएम-किसानची गावनिहाय यादी: नावे दिसतात, हप्ते दिसत नाहीत

सरकारी अनुदानाची यादी इतकी सहज क्वचितच बघायला मिळते. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर ‘बेनिफिशियरी लिस्ट’ उघडायला लॉगिन, आधार, ओटीपी काहीच लागत नाही. राज्य, जिल्हा, सब-डिस्ट्रिक्ट, ब्लॉक आणि गाव निवडून ‘गेट रिपोर्ट’ दाबायचे. महाराष्ट्रात सब-डिस्ट्रिक्ट आणि ब्लॉक या दोन्ही ठिकाणी बहुतेक वेळा तालुकाच निवडावा लागतो. वाडी-वस्तीचे नाव सापडत नसेल, तर सातबाऱ्यावर जे महसुली गाव आहे ते निवडा.

यादी उघडते आणि खरी निराशा तिथे होते: नाव आणि लिंग, बस्स. हप्ता ठरलेला आहे, २,००० रुपये, वर्षाला तीन, त्यामुळे आकड्याचा अंदाज येतो. पण हप्ता जमा झाला की अडला, अडला तर कशामुळे, हे गावाला कळत नाही. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एकच लाभ, हा योजनेचा मूळ नियम. मात्र यादीत कुटुंब जोडलेलेच नाही, मग एका घरात दोन हप्ते जातात का हे ताडणार कसे? आयकर भरणारे किंवा दरमहा १०,००० रुपये व त्याहून जास्त पेन्शन घेणारेही (चतुर्थ श्रेणी वगळून) अपात्र आहेत. तेही इथून समजत नाही. राज्याची ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ याच लाभार्थ्यांवर आधारलेली आहे. म्हणजे इथली एक चूक वर्षाला ६,००० ची नाही, १२,००० ची.

स्वतःपुरते बघायचे असेल तर ‘नो युवर स्टेटस’ मात्र चांगले काम करते. नोंदणी क्रमांक लागतो. तो विसरला असेल तर मोबाईल किंवा आधारवरून मिळतो. तिथल्या तीन ओळी नीट वाचा: लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडली आहे का), ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी), आधार-बँक सीडिंग (आधार बँक खात्याला जोडले आहे का). लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल तर बँकेत हेलपाटे घालून उपयोग नाही. सातबारा आणि आठ-अ घेऊन तालुक्याला जा. वारसाचा फेरफार झाला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन वारसाहक्कानेच आलेली असेल तरच चालते.

सर्वात जास्त घोळ तिसऱ्या ओळीचा. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मध्ये कुठे नवीन खाते उघडताना आधार जोडायला संमती दिली असेल, तर हप्ता तिकडे गेलेला असतो आणि जुने पासबुक कोरे राहते. बँकेत केवायसी केली म्हणजे पोर्टलची ई-केवायसी झाली, असेही नाही.

युरोपियन युनियनमध्ये शेती अनुदान घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम सोबत छापतात. १,२५० युरो किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांची नावे तेवढी झाकतात. आपल्याकडे माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४(१)(ख)(बारा) अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायला सांगते. तो मिळत नसेल तर १० रुपयांचा अर्ज करा. एकाच गावापुरते विचारा: हप्तानिहाय लाभार्थी किती, किती जणांचे हप्ते थांबवले, प्रत्येक कारणाखाली किती. आधार किंवा खाते क्रमांक मागू नका. ते मिळणार नाहीत आणि तेवढ्यावरून बाकीचा अर्जही अडकतो.