लाट ऐकायची की खडक? बडोद्याहून दीव आणि नरारा

बडोद्याला सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई. भरतीत पाण्याखाली जाणारं स्तंभेश्वराचं मंदिर बघायला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. पण तिथे गाळ आहे. पाणी चिखलावरून चढतं, आवाज जवळजवळ नाहीच. खडकाळ किनाऱ्याचे आवाज रेकॉर्ड करायचे तर सौराष्ट्र गाठायला हवं, आणि तिथे माझ्या मते दोनच ठिकाणांचा विचार करावा: दीव किंवा जामनगरजवळचं नरारा. ज्यांचं घर कोकणात आहे त्यांना हरिहरेश्वर आहेच, पण शनिवार-रविवारच्या सुट्टीत बडोद्याहून ते आटोपत नाही.

दीवचा खडक चुनखडीचा, लाटांनी पोखरून धारदार झालेला. फुदम गावच्या गंगेश्वर मंदिरापाशी लाट कपारीत शिरली की आतली हवा दाबली जाते आणि छातीला जाणवेल असा घुमारा उठतो. मग पाणी परत फिरतं, तेव्हा खडकाच्या भोकाभोकांतून ओघळत, चुळचुळत जातं. हा परतीचा आवाज मला लाटेपेक्षा जास्त आवडतो. दिवस उजाडला की तिथे दर्शनाची गर्दी आणि घंटा सुरू होतात, म्हणून पहाटेच जावं किंवा जालंधर किनाऱ्याच्या बाजूचे खडक धरावेत.

दीवची अडचण वेगळीच आहे. पहिल्या खेपेला मी समुद्राकडे तोंड करून दोन तास रेकॉर्डिंग केलं. घरी आल्यावर आत्याला ऐकवलं, तर ती म्हणाली, "पाऊस छान पडतोय रे." तिचं चुकलं नव्हतं. फुटत्या लाटेचा आवाज मुख्यतः बुडबुड्यांचा असतो. पाण्यातला प्रत्येक बुडबुडा आपल्या आकाराप्रमाणे वाजतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३ किलोहर्ट्झला. असे लहानमोठे असंख्य बुडबुडे एकदम वाजले की सगळे सूर मिसळून एकसारखी सळसळ उरते, आणि पावसाची सळसळही कानाला तशीच लागते. म्हणून दीवला रेकॉर्डर लाटेकडे रोखू नका. एखादी कपार निवडा, तिच्यापासून हात-दोन हातांवर तो ठेवा आणि समुद्र मागे राहू द्या. तुम्ही स्वतः मात्र समुद्राकडे पाठ करू नका. शेवाळलेल्या खडकावर एक मोठी लाट पुरते.

नराराला याच्या उलट. हा भाग भारतातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा, १९८२ साली जाहीर झालेल्या. वनखात्याची परवानगी काढावी लागते आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या प्रवाळ-खडकांवरून वाटाड्याबरोबर चालावं लागतं. इथे लाट अशी नसतेच. सुरुवातीला वाटतं, रेकॉर्ड काय करायचं? मग वाटाड्याला दहा मिनिटं गप्प राहायची विनंती करायची, उकिडवं बसायचं आणि कान खडकाजवळ न्यायचा. डबक्यातून थेंब ठिबकतात, खेकडा कपारीत सरकतो, खडकातून हवा बुडबुडत सुटते. या सगळ्यावर सुट्या टिचक्या ऐकू येतात, फोडणीत मोहरी तडतडावी तशा. या पिस्तूल कोळंबीच्या. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा फवारा सुटून त्यात बुडबुडा तयार होतो आणि तो बुडबुडा कोसळताना टिचकी वाजते. पूर्वी वाटायचं की नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटून हा आवाज होतो; २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने खरं कारण दाखवलं. डबक्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडला तर हीच तडतड दाट, चहूबाजूंनी येते. मात्र वाडिनारचं तेलाचं बंदर जवळ आहे, त्यामुळे पाण्याखाली जहाजांची घरघर मिसळण्याची तयारी ठेवा.

सामानाचं म्हणाल तर फोनवर विसंबू नका. तो माणसाचं बोलणं टिपायला बनवलेला. एकसारख्या आवाजाला तो गोंगाट समजून दाबू पाहतो आणि मोठा आवाज आला की पातळी आपोआप खाली खेचतो. हातात मावणारा साधा स्टिरिओ रेकॉर्डर आणि त्यावर फरचं आवरण, एवढं पहिल्या खेपेला पुरे. नुसता स्पंज समुद्रावरच्या वाऱ्यापुढे टिकत नाही. पातळी हाताने लावा, सगळ्यात मोठी लाट रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. लो-कट, म्हणजे खर्जातले आवाज गाळणारी सोय, दीवला बंदच ठेवा, नाहीतर कपारीतला घुमाराच निघून जाईल; नराराला खुशाल चालू करा. हायड्रोफोन आधी घेऊ नये असं माझं मत आहे. तो एकटा काही रेकॉर्ड करत नाही, त्याला रेकॉर्डर लागतोच, आणि लाटेत त्याची वायर खडकावर घासून तोच आवाज भरतो. त्यामुळे दीवला तो जवळजवळ निरुपयोगी आहे.

मग जायचं कुठे? घुमारा, जोर, समुद्राचं अंग हवं असेल तर दीव. तिथे परवानगीची भानगड नाही, सकाळी चुकलं तर संध्याकाळी पुन्हा करता येतं. पण एकच खेप जमणार असेल तर मी नरारा सांगेन. तिथले आवाज सुटे सुटे कानावर येतात आणि घरी ऐकताना एकेक ओळखता येतो.

फक्त दिवस नीट निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन दिवस उधाणाचे, तेव्हा ओहोटीला खडक सगळ्यात जास्त उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत निम्मी मजा जाते. कोकणातलं "तिथीची पाऊणपट" (तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ) हे गणित इथे लावू नका, कच्छच्या आखातात वेळा वेगळ्या असतात. त्या भागाचंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि पाणी फिरलं असं वाटाड्याने म्हटल्याबरोबर उठा. त्या सपाट खडकावर भरती चालत येते ती समोरून नाही, आधी मागच्या खाचांतून.