पहिल्या नोकरीचं शहर निवडायला नंबिओ: उपयोगी, पण आकडे नीट वाचा

दोन शहरांतून ऑफर आल्या असतील तर नंबिओवर त्या शहरांची तुलना जरूर करून बघा. 2009 पासून चालू असलेली ही साइट घरभाडं, प्रवासाचा मासिक पास, इंटरनेट असा एकेक खर्च समोरासमोर दाखवते, तेही फुकट.

गल्लत होते ती निर्देशांकात. न्यूयॉर्क म्हणजे 100 धरून बाकीची शहरं मोजलेली असतात आणि राहणीखर्चाच्या मुख्य आकड्यात भाडं धरलेलंच नसतं. नव्या नोकरदाराचा सगळ्यात मोठा खर्च बहुतेकदा तोच! म्हणून निर्देशांक बाजूला ठेवा आणि थेट भाड्याच्या ओळी वाचा. शेअरिंगमध्ये राहणार असाल तर तीन बेडरूमच्या, शहराच्या मध्यभागाबाहेरच्या घराचं भाडं घ्या आणि त्याला तीनने भागा. एकट्याच्या खोलीचा अंदाज त्यातूनच बरा निघतो. सरासरीशेजारी किमान-कमाल पट्टा असतो; तो फार रुंद असेल तर कमाल बाजूच्या जवळचा आकडा धरा.

साइटवर दिसणारा सरासरी पगार फ्रेशरचा नाही. आपल्या ऑफरमधली कर आणि कपात जाऊन हातात येणारी रक्कमच घ्या. डिपॉझिट आणि सुरुवातीचं सामान वेगळं मोजावं लागतं.

माहिती वापरणारेच भरतात, त्यामुळे छोट्या शहरांचे आकडे डळमळीत असतात. नोंदी किती आणि शेवटचा बदल कधीचा, हे आधी तपासा.

दुसरी नोकरी त्याच शहरात मिळेल का, हे मात्र इथे कळत नाही. त्यासाठी जॉब पोर्टलवर तुमच्या कामाच्या जागा दोन्ही शहरांत मोजा.