जुन्या ऑक्टाव्हियाची उंची कमी करताना: स्प्रिंग, शॉकअप आणि खान्देशचे रस्ते

माझ्याकडे 2006 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया 1.9 टीडीआय ही डिझेल गाडी आहे. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली ही गाडी अजिंठ्याचा घाट उतरून जळगावला आली आणि गेली अकरा वर्षे माझ्या घरी आहे. तिची उंची थोडी कमी करण्यासाठी मी बिल्स्टाइनचा बी12 प्रो-किट हा संच बसवला, त्याला आता चौदा महिने झाले असून गाडी त्यावर एकोणीस हजार किलोमीटर धावली आहे. या संचात बिल्स्टाइनचे बी8 शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळ्या) आणि आयबाखच्या स्प्रिंगा एकत्र येतात. हा अभिप्राय मुख्यतः त्याच संचाचा आहे. मात्र त्याआधी माझ्याकडून झालेली चूक सांगितल्याशिवाय मी हा संच का निवडला हे कळणार नाही, म्हणून सुरुवात तिथून करतो.

चार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये मी याच गाडीच्या मूळ स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या. काम दीड तासात झाले आणि खर्चही फारसा आला नाही. प्रत्येक स्प्रिंगचा दीड वेढा ग्राइंडरने उडवला आणि कापलेले टोक तसेच, स्प्रिंग जिच्यात टेकते त्या वाटीत बसवून दिले. पहिले दोन दिवस गाडी दिसायला फार सुरेख वाटली. तिसऱ्या दिवशी टायर बदलण्यासाठी जॅक लावला, चाक लोंबकळले आणि आतून ‘टंग’ असा आवाज आला. वाकून हात घातला तर स्प्रिंग वाटीत चक्क सैल फिरत होती. शॉकअप पूर्ण लांबला की तिच्यावर दाबच उरत नव्हता. त्यानंतर दोन महिन्यांनी एरंडोलच्या अलीकडे एका गतिरोधकावर ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) आपटला. या इंजिनाचा चेंबर ॲल्युमिनियमचा आहे; तो पत्र्यासारखा चेपत नाही, तडकतो. गाडी टोचन करून घरी आणावी लागली. दोष गतिरोधकाचा नव्हता, माझ्या निर्णयाचा होता.

स्प्रिंग कापल्याने नेमके काय होते, हे गाडी डाउन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे असे मला मनापासून वाटते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या कार्यरत वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा कार्यरत वेढ्यांतून दीड वेढा काढला तर उरलेली स्प्रिंग सुमारे एक तृतीयांशाने अधिक कडक होते, पण तिला आवरणारा शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगसाठीच जुळवलेला राहतो. परिणामी खड्ड्यातून बाहेर आल्यावर गाडी एकदा उसळून थांबण्याऐवजी दोन-तीनदा झुलते. शॉकअपचा दांडाही कायम अर्ध्याहून खाली बसलेला असतो, त्यामुळे तो वारंवार बंप स्टॉपरवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो. काही ठिकाणी स्प्रिंग कापण्याऐवजी गॅसने तापवून खाली बसवतात. ते तर त्याहून वाईट, कारण पोलादाला दिलेले पाणीच त्या उष्णतेने उतरते आणि पुढे ती स्प्रिंग किती बसेल याचा भरवसा उरत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी मी स्प्रिंगपेक्षा शॉकअपचा विचार आधी केला. बिल्स्टाइनच्या मालिकेत बी6 हा मूळ उंचीच्या गाडीसाठी असतो, तर बी8 खाली बसवलेल्या गाडीसाठी मुद्दाम आखूड केलेला असतो. दांडा आखूड असल्यामुळे चाक लोंबकळले तरी स्प्रिंग वाटीत घट्ट धरून राहते. माझ्या गाडीत ज्या गोष्टीने ‘टंग’ आवाज केला होता, तिचे उत्तर नेमके हे होते. स्प्रिंगा आणि शॉकअप वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन थोडे पैसे वाचवता आले असते. पण एकमेकांसाठी जुळवलेली जोडी घेण्यात जे समाधान आहे ते त्या बचतीत नाही.

उंची किती कमी करायची, हा प्रश्न पुष्कळजण केवळ चाक आणि मडगार्डमधली फट पाहून सोडवतात. माझे मत असे आहे की खान्देशात रोज चालणाऱ्या गाडीसाठी साधारण 30 मिलिमीटर ही मर्यादा समजावी. यामागे केवळ गतिरोधक नाहीत. ऑक्टाव्हियाला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले उभे खांब, आहेत. गाडी खाली आली की लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याचे, बाहेरचे टोक वर जाते. तो आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे तिरपा झाला की गाडीचे रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती ती वळणावर कलते तो) तिच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकते आणि वळणावर गाडीला कलवणारी तरफ उलट लांब होते. थोडक्यात, 60 मिलिमीटर खाली बसवलेली गाडी दिसायला चपळ दिसते, पण वळणावर न कलण्यासाठी तिला फारच कडक स्प्रिंगा लागतात, आणि त्या आपल्या रस्त्यांवर माणसाचे व गाडीचे हाल करतात.

मागवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे पुढचे वजन वेगळे असते आणि स्प्रिंगाही त्यानुसार वेगळ्या येतात. मूळ स्प्रिंगवर रंगाचे छोटे ठिपके असतात, ते तिचा वजनगट सांगतात. शिवाय डिकीतल्या आणि सर्व्हिस बुकातल्या स्टिकरवर सस्पेन्शनचा कोड छापलेला असतो. मी त्या स्टिकरचा फोटो विक्रेत्याला आधी पाठवला, पुढच्या ॲक्सलचे कमाल वजन त्याच्याकडून तपासून घेतले आणि मगच पैसे भरले. पेट्रोलच्या स्प्रिंगा डिझेल गाडीत बसतात, फक्त गाडी नाकावर झुकते.

आता जुन्या गाडीचा खरा खर्च. संचाची किंमत माझ्या गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी झाली, पण तेवढ्यावर भागत नाही. वीस वर्षांचे रबर हे रबर राहिलेले नसते, आणि भुसावळ-जळगावच्या मे महिन्यातले 45 अंशांचे ऊन त्यात भर घालते. स्ट्रट खाली उतरवला तेव्हा वरच्या माउंटिंगचे रबर बोटाने भुगा होऊन पडले; लोअर आर्मचा मागचा बुश (सांध्यातले रबरी अस्तर) दोन ठिकाणी फाटला होता. माउंटिंग, त्यांची बेअरिंग, दोन्ही आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि बंप स्टॉपर हे सगळे मी नवीन घातले. उत्तम शॉकअप फाटक्या बुशावर बसवला तर गाडीतला खडखडाट आणि स्टिअरिंगची ढिलाई तशीच राहते, आणि माणूस नव्या शॉकअपला नावे ठेवतो.

बसवण्याचे काम मी अजिंठा चौफुलीच्या बाजूच्या एका छोट्या गॅरेजमध्ये करून घेतले. तिथल्या मिस्त्रींची निवड मी एकाच प्रश्नावरून केली. या गाडीत स्ट्रट नकलच्या (चाकाचा मध्य धरणाऱ्या धातूच्या भागाच्या) खाचेत घट्ट धरलेला असतो आणि ती खाच उघडण्यासाठी खास स्प्रेडर लागतो. बहुतेक ठिकाणी “छिन्नीने उघडू” असे उत्तर मिळाले. छिन्नीने नकलला चीर गेली तर नवीन नकल शोधत फिरावे लागते. या मिस्त्रींनी न बोलता खणातून स्प्रेडर काढून दाखवला. आर्मचे बोल्ट त्यांनी गाडी हवेत असताना केवळ हाताने लावले आणि चाके जमिनीवर टेकवून, गाडी दोनदा दाबून बसवल्यावर मग टॉर्क रेंचने आवळले. हे फार महत्त्वाचे आहे, कारण लोंबकळत्या स्थितीत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षाच्या आत फाटतो. स्ट्रटचे बोल्टही जुने परत न लावता नवे वापरले. काम संपल्यावर त्यांच्या हाताखालच्या मुलाने दुरून पाहून “गाडी खाले बसनी” असे समाधानाने म्हटले, आणि मी टेप लावला: हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे 32 आणि मागे 27 मिलिमीटर फरक पडला होता.

व्हील अलाइनमेंट मी दोनदा केले, एकदा लगेच आणि एकदा स्प्रिंगा बसल्यावर हजार किलोमीटरनंतर. उंची बदलली की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा तिरपेपणा) आणि टो (वरून पाहता चाकांची तोंडे आत की बाहेर) दोन्ही बदलतात. टो तसाच सोडला तर टायरची कड काही महिन्यांत ब्लेडसारखी होते. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्यावा. ज्या जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकला वजनानुसार दाब देणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत तो नक्की जुळवून घ्यावा, नाहीतर खाली बसलेली गाडी भरलेली आहे असे समजून तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो.

रस्त्यावरचा अनुभव असा. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे डांबर चांगले असले तरी लाटा राहतात. अमळनेर ते चोपडा या वाटेवर पूर्वी ऐंशीच्या वेगाला गाडी होडीसारखी डुलत असे. आता प्रत्येक लाट एकदाच जाणवते आणि संपते. अजिंठा घाटात स्टिअरिंगवर हात स्थिर राहतो आणि मागे बसलेल्या आईला आता मळमळत नाही. शहरात तीसच्या खाली मात्र गाडी निश्चितपणे कडक आहे. गॅसच्या दाबाच्या मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीच्या, शॉकअपचा तो स्वभाव आहे आणि घेणाऱ्याने तो आधीच मान्य करावा.

गतिरोधकांचे गणित वेगळे आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शनानुसार गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. तसा असेल तर ही गाडी चौघांसह सहज पार होते. गावागावांत लोकांनी टाकलेले अरुंद आणि उंच बांध वेगळेच असतात. 2,512 मिलिमीटरच्या व्हीलबेसमध्ये (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात) गाडीचे पोट मधोमध टेकते, म्हणून तिथे मी तिरपा जातो आणि चेंबरखाली लोखंडी गार्ड लावलेला आहे. रावेरहून येताना 528 लिटरची डिकी केळीच्या घडांनी भरून मागे तिघे बसले, तर दोन ठिकाणी तिघांनाही उतरवावे लागते.

कायद्याची बाजू ज्याने त्याने पाहून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली मालकाने केलेल्या प्रत्येक अननुज्ञात बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडीची तपासणी होतेच. त्यामुळे आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून मगच पैसे गुंतवावेत. मी चांगल्या अवस्थेतल्या मूळ मापाच्या चार स्प्रिंगा भंगारातून शोधून, तेल लावून, माळ्यावर ठेवल्या आहेत; पहिल्या चार कापून टाकल्या नसत्या तर त्याची गरज पडली नसती.