एका तासाच्या स्लॉटमध्ये मॅच बसत नाही

पुण्यातल्या एका १० मीटर एअर रायफल रेंजने लेनचं बुकिंग रजिस्टरवरून ॲपवर आणलं, हे चांगलंच झालं. कुठली लेन रिकामी आहे ते घरबसल्या दिसतं आणि पैसेही तिथेच भरता येतात. पण स्लॉट एका तासाचा ठेवलाय, तिथेच गणित चुकतं. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट्सच्या पात्रता फेरीला ७५ मिनिटं मिळतात, त्याआधी तयारी आणि सायटिंगची (नेम जुळवून पाहायच्या, गुणांत न धरल्या जाणाऱ्या शॉट्सची) १५. जॅकेट चढवणं, स्टँड लावणं, शेवटी चेंबर (छर्रा बसतो ती जागा) रिकामी दाखवून सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घालणं हे सगळं धरलं तर पावणेदोन तास लागतात. सलग दोन स्लॉट घ्यावे लागतात, आणि दुसऱ्यासाठी ॲप हमखास वेगळीच लेन देतं! मधेच सामान हलवायचं म्हणजे पायांची जागा, स्टँडची उंची सगळं नव्याने जुळवायचं. शेजारी नेम धरून उभा असलेल्याची एकाग्रता मोडते ती वेगळीच.

९० आणि १२० मिनिटांचे स्लॉट हवेत, मधे दहा मिनिटं मोकळी. डावखुऱ्यांसाठी सगळ्यात डावीकडची लेन राखून ठेवावी. तिथे शेजाऱ्याकडे पाठ राहते, समोरासमोर यावं लागत नाही.

स्लॉट रद्द झाला की प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला लगेच मेसेज जातो, ही सोय मात्र उत्तम. रेंज ऑफिसरही नियमाला पक्के. तोवर मॅच सराव करायचा असेल तर दिवसाचे शेवटचे दोन स्लॉट धरा आणि लेन बदलू नये असं काउंटरवर आधीच सांगून ठेवा.