3 टनी फोर्कलिफ्ट घेताना: डिझेल, ॲसिड बॅटरी की लिथियम?

चाकण, भोसरी, अंबड, बुटीबोरी, कुठलीही एमआयडीसी घ्या. मधल्या आकाराच्या कारखान्यात बहुधा एकच फोर्कलिफ्ट असते, आणि ती बहुधा 3 टनी, म्हणजे 3 टन माल उचलणारी. ती थकली किंवा ऑर्डरी वाढल्या की मालकाच्या टेबलावर तीन कोटेशनं येऊन पडतात: डिझेल, लेड-ॲसिड बॅटरीची इलेक्ट्रिक आणि लिथियमची इलेक्ट्रिक. कोटेशनात किंमत असते, वॉरंटी असते, तासाचा खर्च असतो. रोज सकाळी या गाडीकडे बघणार कोण, याची ओळ कुठेच नसते. माझ्या मते निवड त्याच ओळीवर व्हायला हवी. डिझेल गाडीकडे दुर्लक्ष झालं तर ती धूर काढून, गरम होऊन बोंब मारते. ॲसिड बॅटरी मुकाट्यानं सोसते आणि मग एक दिवस दुपारी तीनलाच मान टाकते. लिथियमला दुर्लक्ष बऱ्यापैकी चालतं, फक्त त्याचे पैसे ती आधीच मोजून घेते.

पैशांचं आधी उरकून घेऊ

धरा, डिझेल गाडी तासाला 3 लिटर पिते आणि लिटरला 90 रुपये पडतात. तासाचे झाले 270. तेवढ्याच कामाला इलेक्ट्रिक गाडी, चार्जरमधली घट धरून, 8 युनिट घेते आणि युनिट 10 रुपयांना पडतं असं मानू. तासाचे 80. फरक 190 रुपयांचा. दिवसाला 4 तास आणि वर्षाला 300 दिवस काम असेल तर वर्षाचे 2 लाख 28 हजार वाचतात. दिवसाला एकच तास काम असेल तर 57 हजार. एवढ्यासाठी महागडी बॅटरी घेणं मला पटत नाही. आकडे तुमच्या बिलांतले घाला, गणित तेच.

तास मोजताना मात्र एक गोम आहे. डिझेल गाडीचं अवरमीटर इंजिन सुरू असेल तोवर पळत राहतं, मग ऑपरेटर खाली उतरून चलनावर सही घेत का उभा असेना. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना जवळजवळ काहीच खात नाही. त्यामुळे जुन्या गाडीचे 5 तास म्हणजे कामाचे 5 तास नव्हेत. महिनाभर दोन्ही लिहून काढा: मीटरचे तास आणि खरोखर उचलठेव झाली ते तास. खरं काम दिवसाला तासाभराच्या आतच निघालं तर तिन्ही कोटेशनं बाजूला ठेवा आणि लागेल तेव्हा भाड्याची गाडी बोलवा. रोजच्या किरकोळ कामाला हातानं ओढायचा पॅलेट ट्रक आणि माल थोडा वर चढवणारा एखादा स्टॅकर पुरतो.

डिझेल

पेव्हर ब्लॉक उखडलेलं यार्ड, गेटपासून शेडपर्यंतचा चढ, जुलैतला चिखल, उघड्यावर उतरवायच्या कॉइल किंवा कास्टिंग. इथे डिझेलला अजून तोड नाही. लांब चढावर बॅटरीची गाडी तापते, तिचा चार्ज भरभर उतरतो. शिवाय डिझेल गाडीचा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो, आणि हा मुद्दा कोटेशनवाल्याला वाटतो तेवढा किरकोळ नाही.

देखभाल ओळखीचीच आहे. रोज ऑइल, कूलंट, पंख्याचा बेल्ट आणि गाडीखाली पडलेले डाग बघायचे. इंजिन ऑइल बहुतेक गाड्यांना 250 तासांनी बदलतात, पण मॅन्युअल काय म्हणतं ते पाहा. एअर फिल्टर मात्र तासांवर सोडू नका. ग्राइंडिंगच्या किंवा फाउंड्रीच्या धुळीत तो कधीच भरून जातो. काळा धूर दिसला की आधी तिथे बघायचं, इंजेक्टर नंतर.

बंद शेडमध्ये मात्र डिझेल नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 साली डिझेलचा धूर माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो, ज्याला ना वास ना रंग. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. दिवसभर त्या शेडमध्ये उभा राहणारा पॅकिंगचा माणूस तो धूर घेतच राहतो. औषधं, खाद्यपदार्थ किंवा नाशिककडची द्राक्षांची कोल्ड स्टोरेजं इथे तर हा पर्याय विचारातही घेत नाहीत.

ॲसिड बॅटरी

3 टनी गाडीत साधारणपणे 80 व्होल्टची बॅटरी असते, म्हणजे 2 व्होल्टचे 40 सेल. नीट सांभाळली तर सुमारे 1500 चार्ज देते. दिवसाला एक चार्ज धरला तर 5 वर्षं. सगळा घोळ या ‘नीट’मध्ये आहे.

तिचा दिवस आठ-आठ तासांचा असतो: आठ तास काम, आठ तास चार्ज, आठ तास थंड होणं. म्हणून एक बॅटरी एकाच शिफ्टला पुरते. दुसरी शिफ्ट असेल तर दुसरी बॅटरी, ती बदलायला क्रेन किंवा रोलर स्टँड आणि तेवढी जागा. जेवणाच्या सुट्टीत थोडं चार्ज करू, ही सवय तिचं आयुष्य खाते. चार्ज 20 टक्क्यांच्या खाली नेणंही तसंच. पाणी भरायचं ते डिस्टिल्डच, आणि चार्ज झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड फुगून वर येतं, पत्रा खातं, खालचं काँक्रीट खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्याच बुडतील इतकं आधी टाकायचं, बाकीचं नंतर. बोअरचं पाणी घातलं की क्षार आत गेले, ते परत निघत नाहीत.

उतरलेली बॅटरी तशीच सोडून देणं हे सगळ्यांत महागात पडतं. गणपतीला किंवा दिवाळीला माणसं गावी जातात, गाडी कोपऱ्यात उभी राहते, प्लेटांवर सल्फेट कडक होतं. सुट्टीच्या आधी पूर्ण चार्ज करून कनेक्टर काढायचा, एवढंच काम असतं. सेल समतोल करायचा जादा लांब चार्ज साप्ताहिक सुट्टीला लावायचा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुण्याच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, आणि महावितरणचं दुरुस्तीचं कामही बहुतेकदा गुरुवारीच! तेव्हा तो बुधवारी रात्री लावा.

चार्जिंगची जागा हा सुरक्षेचा विषय आहे, सोयीचा नाही. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की एका ठिणगीनं भडकतो. तो हलका असतो, वर चढून पत्र्याखाली साचतो, म्हणून हवा जायची वाट छताला लागते. खिडकी उघडी आहे म्हणून भागत नाही. तिथे वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, विडी नाही. पाणी भरणाऱ्याला गॉगल, रबरी हातमोजे, एप्रन आणि डोळे धुवायला हाताशी वाहतं पाणी. हे सगळं करणारा एक ठरलेला माणूस तुमच्याकडे असेल आणि काम एका शिफ्टचं, सपाट फ्लोअरवरचं असेल, तर ॲसिड बॅटरी आजही शहाण्याचा सौदा आहे.

विदर्भातल्यांनी यात उन्हाळा धरायचा. बॅटरीचं तापमान 25 अंशांच्या वर दर 10 अंशांनी तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. मे महिन्यात नागपूरला भर दुपारी चार्जर लावणं म्हणजे पैसे जाळणं.

लिथियम

पाणी नाही, हायड्रोजन नाही, चहाच्या सुट्टीतही चार्ज लावला तर चालतो, उलट तेच अपेक्षित आहे. दोन शिफ्टना एकच बॅटरी पुरते. दोन शिफ्ट असतील, किंवा बॅटरीचा माणूस टिकत नसेल, तर मी जास्तीचे पैसे इथेच घालीन.

पण दोन गोष्टी विक्रेता आपणहून सांगत नाही. पहिली, वीज. जलद चार्जर एकदम मोठा भार ओढतो. मंजूर भार अपुरा असेल तर आधी महावितरणकडे अर्ज करावा लागेल. औद्योगिक बिलात संध्याकाळची वीज महाग असते, म्हणून चार्ज केव्हा करायचा तेही ठरवावं लागतं. दुसरी, वजन. इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी हा मागच्या काउंटरवेटचाच, म्हणजे पुढच्या मालाला तोलणाऱ्या वजनाचाच भाग असतो. जुन्या गाडीतली ॲसिड बॅटरी काढून हलकी लिथियम बसवली आणि फरकाएवढं वजन घातलं नाही, तर गाडी पुढे कलंडू शकते. बॅटरीचं किमान वजन गाडीच्या प्लेटवर छापलेलं असतं. बदल करायचाच असेल तर गाडीच्या कंपनीकडून लेखी मान्यता आणि नवी प्लेट घ्या. सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे आहेत ना, हेही विचारा. उष्णता सोसण्यात ते इतर प्रकारांपेक्षा सुरक्षित मानले जातात.

चालवताना काय वेगळं

डिझेल गाडी येताना ऐकू येते, इलेक्ट्रिक येत नाही. कोपऱ्यावरून माणूस वळतो आणि काटे पुढ्यात. त्यामुळे इलेक्ट्रिक घेतलीत तर फरशीवर निळा ठिपका पाडणारा दिवा, कोपऱ्यांवर गोल आरसे आणि पायवाटेचा पिवळा पट्टा खर्चात धरा. तिचा एक मोठा फायदा असा की बहुतेक गाड्यांत कमाल वेग सेटिंगमधून बांधून ठेवता येतो. डिझेलवर तो बराचसा ऑपरेटरच्या पायावर असतो.

उलटण्याचा धोका तिघींनाही आहे. पुढची दोन चाकं आणि मागच्या ॲक्सलचा मधला सांधा या त्रिकोणावर गाडी तोललेली असते. चाकं चार दिसतात म्हणून फसू नका. माल वर उचलून वळण घेतलं की तोल त्रिकोणाबाहेर जातो. 3 टन हा आकडासुद्धा मालाचा मध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून 500 मिलिमीटरवर असतानाचा आहे. काट्यांच्या लांबीच्या दिशेनं 1400 मिलिमीटर खोल पेटी उचललीत तर मध्य 700 वर गेला, आणि तीच गाडी अडीच टनांच्या आसपास उरली. उतारावर भरलेली गाडी उलटी उतरवायची, माल चढाकडे. आणि गाडी कलंडलीच तर उडी मारायची नाही. बेल्ट लावलेला असू द्या, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा, पडत्या बाजूच्या विरुद्ध अंग टाका. उडी मारणारा नेमका गाडीच्या छतासारख्या गार्डखाली सापडतो.

काटे, साखळ्या, टायर यांना गाडी कशावर चालते याच्याशी देणंघेणं नाही. काट्याची टाच, म्हणजे तो वळतो तिथली जाडी, 10 टक्के झिजली की तो काटा बाद, कारण ताकद साधारण 20 टक्क्यांनी घटलेली असते. वेल्डिंगची भर चालत नाही. साखळी 3 टक्के लांबली की बदलायची. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 नं उचलयंत्रांना घालून दिलेली सक्षम व्यक्तीकडूनची वार्षिक तपासणी कारखाने फोर्कलिफ्टचीही करून घेतात. तुम्हीही घ्या. माल घेऊन रस्त्यापलीकडच्या गाळ्यात जायचा विचार असेल तर थांबा. मोटार वाहन नियमांत फोर्कलिफ्ट बांधकाम-यंत्र वाहनांत मोडते. सार्वजनिक रस्त्यावर यायचं तर नोंदणी आणि विमा लागतो.

डेमो विक्रेत्याच्या शोरूमला नको, तुमच्या शेडमध्ये मागा. तुमचा सगळ्यांत जड आणि सगळ्यांत खोल माल, तुमचाच रॅम्प, तुमचाच ऑपरेटर. रिकामी 3 टनी गाडीच 4 टनांच्या वर भरते, आणि भरल्यावर बहुतेक सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. तेव्हा गटाराची झाकणं आणि ट्रकच्या हौद्याची फळी ती येण्याआधी तपासून ठेवा. माल उचलून दहा मिनिटं तसाच धरायला सांगा आणि काटे खाली सरकतात का ते मास्टवर, म्हणजे काटे ज्यावर वर-खाली होतात त्या उभ्या चौकटीवर, खडूची रेघ मारून बघा. जुनी गाडी घेत असाल तर ही रेघ आधी, भाव नंतर.