सुपर मीटिऑर ६५० : कात्रजपर्यंत राजा, कराडनंतर बघू

आधीच सांगतो, रॉयल एनफिल्डची ही क्रूझर, म्हणजे खाली बसून पाय पुढं सोडून चालवायची गाडी, माझी नाही, मेव्हण्याची आहे. त्यानं २०२३ ला घेतली, आणि तेव्हापासून दर रविवारी तो ती मायक्रोफायबरनं पुसत असतो आणि मी गॅलरीतून बघत असतो. यंदा तुळशीचं लग्न झाल्यावर त्याला घरच्यांना घेऊन नाशिकला लग्नाला जायचं होतं, चार दिवस कार हवी होती, म्हटलं घेऊन जा माझी, फक्त चावी इकडे टाक. टाकली बिचाऱ्यानं. वर अकरा सूचना दिल्या, त्यातल्या नऊ धुण्याबद्दल.

मला ही गाडी घ्यायची की नाही हे एकदाचं ठरवायचं होतं. वय ४५, उंची पाच फूट चार, पंधरा वर्षं एकच १५० सीसीची कम्युटर, आणि डोक्यात कायम कोकण. उंचीचं मुद्दाम सांगतोय, कारण क्रूझर घेणारे सगळे स्टाईलसाठी घेतात असं लोकांना वाटतं, पण आमच्यासारख्या बुटक्यांचं गणित वेगळं असतं राव. हिची सीट ७४० मिमीवर आहे. त्याच कंपनीच्या हिमालयन ४५० ची ८२५. शोरूममध्ये हिमालयनवर बसलो तेव्हा दोन्ही पाय हवेत आणि सेल्समन म्हणतोय सर सवय होते. इथं बसलो की दोन्ही टाचा जमिनीवर टेकतात. २४१ किलोची गाडी सिग्नलला सांभाळायची तर टाच टेकणं ही चैन नाही, गरज आहे.

पुणेकरांना क्रूझर काही नवीन नाही म्हणा. बजाजची एलिमिनेटर २००१ ची, मग २००५ ला अ‍ॅव्हेंजर आली, कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक तरी असायचीच आणि ज्याची असायची तो नेहमी मागच्या सीटवर कोणीतरी बसेल म्हणून गॉगल लावून उभा असायचा. पण ते दिवस सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन पिठलं-भाकरी खाऊन यायचे. मला बघायचं होतं दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर, बायको मागे, दोन बॅगा, आणि पुढं घाट.

पहाटे सव्वापाचला सिंहगड रोडवरून निघालो. नवले पूल, कात्रजचा बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर जी काय मजा आली ना, ती मी खोटं कशाला बोलू. ६४८ सीसीचं ट्विन इंजिन, ४७ पीएस, ५२.३ न्यूटन मीटर टॉर्क, आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण त्याचा अर्थ एवढाच की सहाव्या गिअरमध्ये ८० ला चालली असताना पुढं ऊसाची ट्रॉली आली तर गिअर न पाडता नुसता अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळायचा, गाडी निघून जाते. कंपनी सांगते की ८० टक्के टॉर्क, म्हणजे ओढ, इंजिन हळू फिरत असताना, २५०० आरपीएमलाच मिळतो, आणि ते जाणवतं. माझ्या १५० वर खंबाटकी चढताना तिसरा, चौथा, परत तिसरा असा तबला चालतो. इथं काही नाही. बायको मागून म्हणाली, घाट संपला का? संपला होता.

हायवेला सरळ रस्त्यावर तर ही गाडी रुळावर ठेवल्यासारखी जाते, दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, १५०० मिमी आहे, बाजूनं व्हॉल्वो गेली तरी हलत नाही. टोलनाक्याला आपण दुचाकीवाले डावीकडच्या फटीतून सटकतो, तिथं मात्र हँडल केवढं रुंद आहे ते कळतं. साताऱ्याला चहा घेतला तोवर मी मनातल्या मनात लोनचा हप्ता काढून झालेला होता.

आता साताऱ्यानंतरचं.

शेंद्र्यापासून कागलपर्यंत हायवेचं सहापदरी काम चाललंय, ज्यांनी हल्ली तो रस्ता केलाय त्यांना सांगायला नको. दर थोड्या अंतरावर डायव्हर्जन, सर्व्हिस रोडवर उतरा, खड्डे, परत वर चढा. आणि इथं क्रूझर म्हणजे काय चीज आहे ते समजलं. बघा, साध्या गाडीवर फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, आपल्या बुडाखाली असतात. खड्डा दिसला की आपण नकळत पेगवर जोर देतो, बूड अर्धा इंच वर उचलतो, धक्का गुडघ्यात जिरतो. वीस वर्षं करतोय पण आपण हे करतो हे मला माहीतच नव्हतं, कारण पहिल्यांदाच ते करता येईना. क्रूझरला पाय पुढं. पुढं पाय सोडून बसलेल्या माणसानं खुर्चीतून हात न लावता उठून दाखवावं. नाही उठता येत. म्हणजे जो धक्का येईल तो थेट माकडहाडात. मागच्या सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे वरखाली व्हायची जागा, १०१ मिमी, कारण सीट ७४० वर ठेवायची तर खाली जागा उरते कुठं. ज्या गोष्टीनं माझ्या टाचा टेकल्या त्याच गोष्टीनं माझी कंबर गेली. यात कंपनीला नावं ठेवायचं काही नाही, क्रूझरची जातच तशी आहे, अमेरिकेतल्या लांबलचक सपाट रस्त्यांसाठी जन्मलेली.

पहिले शंभर किलोमीटर सोफा. दुसऱ्या शंभरात बसायची जागा शोधत राहतो, थोडं पुढं, थोडं मागं. कराडच्या पुढं मी दर चाळीस किलोमीटरला थांबायला कारण शोधत होतो. उसाचा रस, हवा चेक, फोन आला असेल. बायको काहीच बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे काय हे लग्न झालेल्यांना कळेल.

तिची बाजू मांडायला हवी. क्रूझरला मागे बसणारा माणूस बरोबर मागच्या चाकाच्या डोक्यावर बसतो. मेव्हण्याची गाडी इंटरस्टेलर व्हेरिएंटची आहे, तिला पाठीला टेकू नाही आणि विंडस्क्रीनपण नाही, ते सेलेस्टियल व्हेरिएंटला येतं, रुंद सीटसकट. दोघांनी फिरायचं असेल तर शोरूममध्ये कलर बघत बसू नका, सरळ ती घ्या नाहीतर सीट आणि टेकू वेगळा लावून घ्या. कोल्हापुरात उतरल्यावर आम्ही मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवून घेतला, डबल सीट आणि सामान असताना ते निघायच्या आधीच करायला पाहिजे होतं, गाढवपणा माझा. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात शॉकअप पूर्ण दबून आदळणं बऱ्यापैकी कमी झालं.

वाऱ्याचं पण एक आहे. सरळ ताठ बसून पाय पुढं म्हणजे आपण शिडाचं गलबत. नव्वदच्या वर गेलं की छातीवर वारा ढकलतो आणि हातांनी हँडलला लटकून राहावं लागतं. खरं तर चौपदरी हायवेला दुचाकीला कायद्यानं ८० च आहे, आणि ८० ला हे काहीच जाणवत नाही. मग मला प्रश्न पडला की ८० नेच जायचं तर ६५० कशाला? हा प्रश्न चारही दिवस डोक्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, मालवण. जेमतेम दीडशे किलोमीटर. दाजीपूरच्या जंगलातला सकाळचा रस्ता, धुकं, आणि त्या इंजिनचा तो धीमा धडधड आवाज (२७० डिग्रीचा क्रँक आहे, त्यामुळं तो आवाज असा लंगडी घातल्यासारखा येतो, मला फार आवडला). इथं साठच्या वर जावंसंच वाटत नाही आणि क्रूझर घेणारे का घेतात ते कळतं. पण घाटात वळणं आवळली की वजन बोलायला लागतं. उतरताना हेअरपिनला एकदा पेग रस्त्याला घासला, खर्र करून, काळीज हललं. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची जागा, १३५ मिमी. घाट उतरल्यावर एका गावात स्पीडब्रेकर होता, स्पीडब्रेकर कसला, बांध घातला होता शेताचा, तिथं बायकोला उतरवून गाडी तिरकी करून काढली. एका आजोबांनी विचारलं, एवढी मोठी गाडी आणि बाई चालत?

मालवणचा किस्सा सांगितलाच पाहिजे. होमस्टेच्या समोर उतार, मी थाटात गाडी तोंड खाली करून लावली आणि आत जाऊन सुरमई थाळी हाणली. सकाळी काढायला गेलो तर निघेना. २४१ किलो अधिक बॅगा, उतारावरून मागं ओढायची, पायाखाली बारीक वाळू. घसरतोय आपणच. शेवटी मालकांचा मुलगा आणि एक मासेवाले काका आले, तिघांनी मिळून ओढली, काकांनी टोपली खाली ठेवून विचारलं केवढ्याची आहे, मी सांगितल्यावर टोपली उचलून चालायला लागले, पुढं काही बोललेच नाहीत. तेव्हा घेणाऱ्यांनो, पार्क करताना नेहमी तोंड चढाकडं.

बॅगांबद्दल चार शब्द. नाना पेठेतल्या एका दुकानातून मी सॅडलबॅगचा स्टे, म्हणजे बाजूच्या बॅगा अडकवायची दांडी, बसवून घेतला होता, नाव घेत नाही, पण परतीला आंबोली घाट चढताना मागून खडखड यायला लागली तेव्हा बघितलं तर दोनातला एक नट गायब. बसवून घेतल्यावर पन्नास किलोमीटरनं सगळे नट परत आवळा. ते दुकानदार सांगत नाहीत.

परत येताना कोल्हापूरला बायको शांतपणे म्हणाली, मला स्टँडवर सोड. सोडलं. ती स्वारगेटच्या एसटीत बसली आणि मी एकटा निघालो. आता हे तिला सांगू नका, पण एकट्यानं गाडी एकदम वेगळी वाटली, हलकी, मऊ, वळायला सोपी. तरी कंबर कराडलाच बोलायला लागली, त्यात फरक नाही. पेट्रोल पूर्ण ट्रिपला २५ च्या आसपास पडलं, टाकी १५.७ लिटरची, म्हणजे पुणे-मालवण एका टाकीत जेमतेम होतं.

पैशाचं बोलू. २०२३ ला लाँच झाली तेव्हा ३.४९ लाख एक्स-शोरूमपासून होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी झाला आणि ३५० पर्यंतच्या २८ वरून १८ वर आल्या. म्हणजे माझा हप्ता जो मी साताऱ्याला चहा पिताना काढला होता तो जुन्या किमतीवर काढला होता. घरी येऊन परत काढला आणि मग बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

आणि तिथंच डोक्यात हिची धाकटी बहीण आली. मीटिऑर ३५०. ३४९ सीसी, म्हणजे १८ टक्क्यांत. वजन १९१, पूर्ण पन्नास किलो कमी, मालवणची वाळू आठवा. ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, त्या बांधावरून बायको न उतरता जाईल. सीट ७६५, माझ्या टाचा नाही पण चवडे नक्की टेकतील. ताकद वीस पीएस, तेव्हा ओव्हरटेकला कान पिळून निघून जाणं विसरा, दोघं आणि बॅगा असताना खंबाटकीला परत तबला. पण ८० नं जायला ती पुरते, आणि माझं कोकण ८० च्या आतलंच आहे. पाय मात्र इथंही पुढंच, त्यामुळं माकडहाडाचं काय होतं ते आकड्यांवरून कळणार नाही. शोरूमच्या टेस्ट राईडला तर अजिबात नाही, तीन किलोमीटरात सगळ्याच क्रूझर सोफा असतात.

म्हणून पुढच्या महिन्यात ३५० तीन दिवस भाड्यानं घेतोय, तोच रस्ता, तेच डायव्हर्जन, तोच फोंडा. ६५० धुवून पुसून मेव्हण्याला परत दिली, त्यानं फिरून फिरून बघितली, पेगखालचा ओरखडा सापडलाच त्याला. बायकोला विचारलं येतेस का ३५० वर. म्हणाली येते की, मालवणला. एसटीनं.