अभ्यासिकेच्या ॲपमधलं पॉडकास्ट मायग्रेशन: काही महिने वापरून झाल्यावर

अभ्यासिकेच्या ॲपच्या नव्या आवृत्तीत पॉडकास्टच्या भागांची माहिती डेटाबेसच्या एका टेबलातून (तक्त्यातून) दुसऱ्यात हलवली गेली; यालाच मायग्रेशन म्हणतात. ते अपडेट टाकल्यावर पुरवठादाराचा जो अहवाल आला, त्यात एकच ओळ होती: जुन्या टेबलात जितके भाग, नव्यातही तितकेच, मायग्रेशन यशस्वी. त्याच संध्याकाळी नागपुरातल्या आमच्या अभ्यासिकेच्या सभासदांच्या फोनवर ऐकून संपवलेले सगळे भाग ‘नवीन’ म्हणून परत आले आणि आपोआप डाउनलोड व्हायला लागले. अर्धवट ऐकलेल्या भागांची खूण शून्यावर गेली. तेव्हा या आवृत्तीला एक तारा दिला होता. आज तीन देतो आहे, आणि चौथा का अडला तेही लिहितो.

आधी खर्चाचं. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १,२८,००० बिट) ४५ मिनिटांचा एक भाग साधारण ४३ एमबीचा होतो. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर ३४ भागांत तो संपला. काटोल, उमरेडकडून एसटीनं येणारी मुलं वायफायवर भाग उतरवून घेतात आणि रस्त्यात ऐकतात. गावं मागे पडली की मधे नेटवर्क जातं. त्यांच्यासाठी ‘जिथे थांबलो तिथून पुढे’ हीच या ॲपची खरी सोय आहे. आवरणचित्रं आणि ‘तुमच्यासाठी निवडक’ ही पट्टी नसली तरी कुणाचं काही अडत नाही. ऐकण्याची खूण गेली तर मात्र चालू घडामोडींच्या पन्नास भागांत कुठवर आलो होतो हे कुणालाच सांगता येत नाही.

आता कारण. नव्या आवृत्तीत पॉडकास्टचं स्वतंत्र टेबल गेलं आणि पुस्तकं, व्हिडिओ, प्रश्नपत्रिका, ऑडिओ सगळं एका ‘साहित्य’ टेबलात आलं, हे वापरणाऱ्यांना माहीत आहेच. फीडमधल्या (मालिकेच्या भागांची यादी देणाऱ्या फाइलमधल्या) प्रत्येक भागाला एक जीयूआयडी, म्हणजे कायमची ओळख-खूण, असतो. जमिनीचा मालक बदलला तरी सात-बारावरचा गट क्रमांक तोच राहतो, तसा भागाचं शीर्षक, पत्ता, फाइल काहीही बदललं तरी जीयूआयडी तोच राहायला हवा. फोनमधलं ॲप ऐकण्याची खूण त्यालाच बांधून ठेवतं. मायग्रेशनच्या पहिल्या स्क्रिप्टनं (माहिती हलवणाऱ्या प्रोग्रॅमनं) जुन्या टेबलातला जीयूआयडी उचललाच नाही. ऑडिओ फाइलच्या पत्त्यावरून नवा तयार केला. सर्व्हर बदलल्यामुळे पत्ता एचटीटीपीचा एचटीटीपीएस झाला होता, म्हणजे प्रत्येक भागाची ओळखच बदलली. ओळींची संख्या तीच राहिली, म्हणून अहवाल हिरवा.

ज्यांचा मजकूर वर्डप्रेसवरून (वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवरून) येतो त्यांनी हे आधीच बघून घ्यावं. डोमेन बदलताना सगळ्या डेटाबेसवर जुनं नाव शोधून नवं घालण्याची सवय असते, आणि त्यात जीयूआयडीचा कॉलमही बदलला जातो. वर्डप्रेसची स्वतःची सूचना आहे की तो कॉलम कधीही बदलू नये, त्यात जुनं डोमेन दिसलं तरीही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला आज्ञा देण्याच्या साधनातल्या ‘सर्च-रिप्लेस’ला कॉलम वगळायचा पर्याय आहे, तो वापरून जीयूआयडी बाजूला ठेवावा.

तक्रारीवर पहिलं उत्तर आलं ते ‘काउंट जुळतोय’ एवढंच. दोन्ही बाजूंचे वीस-वीस जीयूआयडी शेजारी शेजारी ठेवून पाठवल्यावर दुसरी स्क्रिप्ट आली. ती जुन्या टेबलातून जीयूआयडी जसाच्या तसा उचलते. डंपवर (डेटाबेसच्या उतरवून घेतलेल्या प्रतीवर) चालवली तेव्हा बहुतेकांच्या खुणा जागेवर आल्या आणि मत बरंच निवळलं. पण भाग कमी भरले. आणि कमी झाले ते फक्त मराठी शीर्षकांच्या मालिकांमधले.

हा दोष मला सगळ्यात जास्त खटकला, कारण इंग्रजी नमुन्यांवर तपासणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. नव्या टेबलात जीयूआयडीचा कॉलम १९१ अक्षरांचा आहे. हा आकडा मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीत इंडेक्सला (शोध जलद करणाऱ्या सूचीला) असलेल्या ७६७ बाइटच्या मर्यादेतून आला: एका अक्षराला चार बाइटच्या हिशेबानं १९१ अक्षरं म्हणजे ७६४ बाइट. काही फीड भागाचा पूर्ण पत्ताच जीयूआयडी म्हणून देतात. मराठी शब्द पत्त्यात जातो तेव्हा देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची रीत) मध्ये तीन बाइटचं होतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. ‘भाग’ या शब्दात भ, काना आणि ग अशी तीन चिन्हं आहेत, तो पत्त्यात २७ अक्षरं खातो. वर्डप्रेस स्लग (पत्त्यातला शीर्षकावरून बनलेला भाग) २०० अक्षरांवर कापतं आणि तसा स्लग आधीच असेल तर शेवटी ‘-२’, ‘-३’ जोडतं. त्यामुळे ‘संत्र्याच्या आंबिया बहाराचं पाणी नियोजन’ मालिकेच्या दोन भागांत फरक उरतो तो पत्त्याच्या अगदी टोकाला. डोमेन आणि स्लग मिळून १९१ च्या पुढे गेले की टोक कापलं जातं आणि दोन्ही भागांचा जीयूआयडी एकच होतो. स्क्रिप्ट ‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ या पद्धतीची असल्यामुळे नंतरचा भाग आधीच्यावर बसला आणि चूक म्हणून काहीच नोंदलं गेलं नाही.

तपासायला सोपं आहे. जुन्या टेबलात जीयूआयडीची सर्वांत मोठी लांबी किती ते काढा. ती नव्या कॉलमपेक्षा मोठी असेल तर पुढे जाऊच नका. मग पहिल्या १९१ अक्षरांवर गट पाडून एकाहून जास्त ओळी कुठे येतात ते बघा. दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. मायएसक्यूएल ५.७ पासून डायनॅमिक रो फॉरमॅटमध्ये (ओळी साठवण्याच्या एका रीतीत) इंडेक्सची मर्यादा ३०७२ बाइट आहे, म्हणून कॉलम ७६८ अक्षरांपर्यंत वाढवता येतो. किंवा पूर्ण जीयूआयडी मजकूर म्हणून ठेवायचा, त्याचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) ६४ अक्षरांच्या वेगळ्या कॉलममध्ये घ्यायचा आणि ‘फीड अधिक हॅश’ या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारं) घालायचं. आम्ही दुसरा मागितला. दोन वेगळ्या फीडमध्ये ‘१’, ‘२’ असे साधे जीयूआयडी असले तरी त्यात टक्कर होत नाही. पहिला मार्ग घेतलात तर त्या कॉलमचं कोलेशन (अक्षरं ताडून पाहण्याची रीत) बायनरी करून घ्या, नाहीतर मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा फरक पुसला जातो आणि दोन वेगळे जीयूआयडी एक ठरतात.

तिसऱ्या स्क्रिप्टमध्ये हे आलं. तिथून पुढे या आवृत्तीबद्दल चांगलं बोलण्यासारखं आहे: शोध जलद झाला, ऑडिओ आणि प्रश्नपत्रिका एकाच यादीत ठेवता येतात, आणि एखाद्या विषयाचं सगळं साहित्य एका पानावर दिसतं. परीक्षेच्या तयारीला हे फार कामाचं आहे.

त्याच यादीत मात्र दुसरा सापळा होता. सभासदांच्या जुन्या याद्या पॉडकास्ट टेबलातल्या क्रमांकावर बोट ठेवतात. नव्या टेबलात क्रमांक नव्यानं पडतात. जुना ४१२ क्रमांकाचा भाग नव्या टेबलात ४१२ वर नसतो. तिथे एखादी पीडीएफ प्रश्नपत्रिका असते. ४१२ ही ओळ अस्तित्वात असल्यामुळे फॉरेन की तपासणी (दाखवलेली ओळ दुसऱ्या टेबलात आहे ना, एवढंच बघणारी) पास होते आणि यादीत भलतंच साहित्य उघडतं. जुना क्रमांक आणि नवा क्रमांक यांचं जोड-टेबल मायग्रेशननं तयार केलंच पाहिजे आणि ते नंतरही ठेवलं पाहिजे. तपासताना यादीतल्या किती नोंदी ‘ऑडिओ’ प्रकारावर पोहोचतात ते मोजा, आणि दहा-पंधरा नोंदी हातानं उघडून शीर्षक जुळवा.

फीड पुन्हा वाचून माहिती भरण्याचा मोह काही जण दाखवतील, ‘सगळं फीडमध्ये आहेच’ म्हणून. ते ऐकू नका. वर्डप्रेसचा फीड मुळात शेवटच्या १० नोंदीच देतो, सेटिंग बदललं नसेल तर. त्यावरून भरलेल्या टेबलात जुने भाग येणार नाहीत. ॲपचा रात्रीचा समन्वय ‘फीडमध्ये नाही ते अप्रकाशित कर’ असा असेल तर आधी नीट आलेले जुने भागही सकाळपर्यंत गायब होतात. म्हणून तपासणी मायग्रेशननंतर लगेच थांबवू नका. रात्रीचं काम एकदा चालू द्या आणि मग परत मोजा.

तारखांचा घोळ चालू घडामोडींना जास्त जाचतो. फीडमध्ये ‘अधिक ०५३०’ लिहिलेलं असतं, डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते, तिथवर ठीक. दाखवताना परत भारतीय वेळेत आणली नाही तर पहाटे साडेपाचच्या आधी प्रकाशित झालेला प्रत्येक भाग आदल्या दिवसाचा दिसतो. १५ ऑगस्टला पहाटे ५ चा भाग १४ ऑगस्टच्या रात्री ११:३० चा होतो. नमुन्यात पहाटेचे भाग मुद्दाम घ्या. दुपारचे घेतले तर हा दोष लपतो. फीडमध्ये वेळेपुढे ‘आयएसटी’ (भारतीय प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर तेही बघा: फीडमधली तारीख ज्या आरएफसी ८२२ नियमानं लिहितात त्याच्या नावांत ते नाहीच, आणि अनेक पार्सर (फीड वाचणारे प्रोग्रॅम) ते सोडून देऊन वेळ यूटीसी समजतात. तिथे चूक उलट्या दिशेला, साडेपाच तास पुढे जाते.

कालावधी तीन रीतींनी लिहून येतो: नुसते सेकंद, मिनिटं:सेकंद आणि तास:मिनिटं:सेकंद. ‘४५:००’ ला तास समजलं तर भाग ४५ तासांचा होतो आणि ‘९० टक्के ऐकलं की पूर्ण’ हा नियम त्याला कधीच लागू पडत नाही. यावर एक हमखास ताळा आहे: फाइलचे बाइट गुणिले ८, भागिले सेकंद. ४,३२,००,००० बाइट आणि २,७०० सेकंद असतील तर १,२८,००० येतात, म्हणजे १२८ केबीपीएस. ४५ तास धरले तर जेमतेम २ केबीपीएस येतात. ३२ ते ३२० च्या बाहेर जे जे पडेल ते वेगळं काढून एफएफप्रोबनं (ऑडिओ फाइल तपासणाऱ्या साधनानं) खरा कालावधी बघा. काही फीडमध्ये एन्क्लोजरची (भागाला जोडलेल्या ऑडिओ फाइलची) लांबी शून्य लिहिलेली असते, तीही इथेच सापडते.

मजकुराबद्दल एक गोष्ट. मायएसक्यूएलच्या जुन्या तीन बाइटी ‘यूटीएफ८’मध्ये देवनागरी व्यवस्थित बसते, कारण तिची अक्षरं तीनच बाइटची आहेत. म्हणून मराठी शीर्षकं नीट दिसली की तपासणाऱ्याचं समाधान होतं. इमोजी चार बाइटची असते. स्ट्रिक्ट मोड (न बसणारी माहिती नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर वर्णन तिच्यापासून पुढे कापलं जातं. वर्णनात इमोजी असलेले भाग शोधून त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या लांबीची तुलना करा.

आणि शोध. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असतो: एकात युनिकोडमधलं ०९३१ (ऱ) हे चिन्ह आणि हलन्त, दुसऱ्यात ०९३० (र), हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात जुळत नाहीत, आणि एनएफसी (युनिकोडची अक्षरं एकाच रूपात आणण्याची रीत) केल्यानंही एक होत नाहीत. सफाईच्या नावाखाली शून्य रुंदीची चिन्हं उडवणारं फंक्शन लावलं की दुसऱ्या तऱ्हेचं ‘शेतकर्यांसाठी’ होतं. आधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलायची, मगच सफाई. हे अजून झालेलं नाही. चौथा तारा इथेच अडला आहे: कापूस आणि संत्रा मालिकांचे निम्म्याहून जास्त भाग याच शब्दानं सुरू होतात आणि शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत.

चालवण्याबद्दल. कायम प्रतीवर आधी; डंप घेताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्याय लावा म्हणजे टेबलं अडकत नाहीत. स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवा, दुसऱ्यांदा एकही ओळ वाढता कामा नये. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञा आधीचं सगळं आपोआप पक्कं करून टाकते, त्यामुळे मधेच वीज गेली तर रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) अर्धाच होतो. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही अडचण नाही. मे महिन्यात दुपारी नागपुरात सर्व्हर तुमच्याच खोलीत असेल तर हे काम काढू नका. रचना बदलण्याची आणि माहिती हलवण्याची पायरी वेगळी ठेवा, माहिती ५००-५०० ओळींनी हलवा. शेवटी शोधाचा इंडेक्स नव्यानं बांधा, नाहीतर शोधातून जुने पत्ते उघडत राहतात.

वार्षिक नूतनीकरणाची रक्कम भरण्याआधी पुरवठादाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: जीयूआयडी जुन्या टेबलातून येतो आणि कुठेही कापला जात नाही, क्रमांकांचं जोड-टेबल तुमच्या ताब्यात राहील, आणि जुनं पॉडकास्ट टेबल नाव बदलून वर्षभर ठेवलं जाईल. त्यात फक्त मजकूर असतो, ऑडिओ दुसरीकडे असतो; जागा काही एमबीची लागते, त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.